युद्ध पाहिलेल्या माणसाच्या आठवणी नोंदवताना : नवख्यांसाठी मार्गदर्शन

माझे आजोबा सैन्यात तारांच्या कामावर होते. आघाडीवर टेलिफोनच्या तारा अंथरायच्या आणि तोफांच्या माऱ्याने त्या तुटल्या की रात्री अंधारात जाऊन पुन्हा जोडायच्या, हे त्यांचे काम. एवढे कळायलाही मला वयाची तिशी उलटावी लागली, कारण ‘आजोबा लढाईत होते’ यापलीकडे घरात कोणालाच काही ठाऊक नव्हते आणि आम्ही कधी विचारलेही नव्हते. ते सत्त्याऐंशी वर्षांचे असताना मी त्यांच्यासमोर रेकॉर्डर घेऊन बसलो. एकूण सात बैठका झाल्या आणि त्यांतल्या पहिल्या दोन माझ्याच अज्ञानामुळे जवळजवळ वाया गेल्या. त्या चुका आपल्या हातून होऊ नयेत, यासाठी हा लेख.

पुष्पचक्रे, मानवंदना, दोन मिनिटांचे मौन यांचे मोल मी कमी मानत नाही. परंतु ज्याच्यासाठी मौन पाळायचे त्याचे नाव, आवाज, चालण्याची ढब यांपैकी काहीच माहीत नसेल, तर तिसऱ्या पिढीपर्यंत ते मौन केवळ कवायत होऊन बसते, असे माझे मत आहे. म्हणून समारंभाकडे सर्वांत शेवटी वळू आणि सुरुवात माणसापासून करू.

१. कोणाला विचारायचे, ते आधी ठरवा

पहिला गैरसमज असा, की ज्याने बंदूक चालवली तोच युद्धाचा साक्षीदार. पहिल्या महायुद्धात सेवा बजावलेली जगातील अखेरची व्यक्ती म्हणून ज्यांची नोंद आहे, त्या फ्लॉरेन्स ग्रीन ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात वाढपाचे काम करीत. त्या ४ फेब्रुवारी २०१२ रोजी वारल्या. स्वयंपाकी, चालक, परिचारिका, दुरुस्ती करणारे कारागीर, टपाल सांभाळणारे कारकून या सर्वांकडे सांगण्यासारखे असते आणि ‘माझे काय विशेष?’ असे म्हणत तेच सर्वांत आधी अंग काढून घेतात. सैनिकाची पत्नी, बहीण, मोठी मुले यांनाही वगळू नका. पत्र येणे थांबले तेव्हा घरात काय घडत होते, हे तीच माणसे सांगू शकतात.

दुसरा गैरसमज असा, की इतकी वर्षे गप्प राहिलेला माणूस आता काय बोलणार. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेले शेवटचे हयात सैनिक हॅरी पॅच यांनी वयाची शंभरी गाठेपर्यंत युद्धाविषयी जाहीरपणे अवाक्षर काढले नव्हते. त्यानंतर मात्र ते बोलले आणि २००९ मध्ये, वयाच्या एकशे अकराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला इतके आयुष्य येत नाही. विचारायचे असेल तर याच महिन्यात विचारा. नकार मिळाला तर हट्ट धरू नका, पण दार किलकिले ठेवून या.

२. घरातले कागद आणि वस्तू गोळा करा

बैठकीपूर्वी घर धुंडाळा. शोधायच्या गोष्टी अशा :

- सेवापुस्तिका, भरतीचे आणि सेवामुक्तीचे कागद, निवृत्तिवेतनाचे आदेश
- पत्रे, पोस्टकार्डे, तारा, रोजनिशी
- पदके, फिती, गणवेशाची बटणे, खांद्यावरची चिन्हे, गळ्यातले ओळखपट्टे
- छायाचित्रे, विशेषतः मागच्या बाजूला काही लिहिलेली
- नकाशे, सुटीचे परवाने, रुग्णालयाची कागदपत्रे

या सर्वांतून सर्वप्रथम हुडकायचा तो सेवाक्रमांक. एकाच नावाचे पन्नास शिपाई असू शकतात, क्रमांक मात्र त्याला पलटणीशी नेमका जोडतो. कागद हरवले असतील तर पदके उलटसुलट करून पाहा. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदकांच्या कडेवर किंवा मागच्या बाजूला शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ही अक्षरे उथळ असतात. पदक ‘चकाचक’ करण्याच्या नादात दर वर्षी पॉलिश घासले, तर काही वर्षांत नेमकी तीच बोटांखालून नाहीशी होतात. तेव्हा पदके घासू नका, मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा आणि तेवढ्यावर थांबा.

कागदांची काळजीही अशीच साधी आहे. फाटलेल्या घडीवर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका आणि गंजणाऱ्या टाचण्या व स्टेपलच्या पिना हळूच काढून टाका. छायाचित्रामागे नाव लिहायचे तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहा, कारण बॉलपेनची शाई आणि तिचा दाब दोन्ही पुढच्या बाजूवर उमटतात. माझ्या एका नातलगाने आजोबांचे पलटणीसोबतचे एकमेव छायाचित्र लॅमिनेट करून आणले होते, तेही प्रेमापोटी. आज त्यात बुडबुडे आले आहेत आणि ते काढू गेल्यास छायाचित्राचा पापुद्राच सुटून येतो.

३. सरकारी नोंदींसाठी अर्ज करा, पण त्यांवर विसंबून राहू नका

अर्ज कोठे करायचा हे देश आणि दल यांनुसार बदलते. सर्वसाधारणपणे पलटणीचे अभिलेख कार्यालय, संरक्षण खात्याचे अभिलेखागार किंवा राष्ट्रीय अभिलेखागार या तिन्हींपैकी एका ठिकाणी सेवेची नोंद सापडते. व्यक्ती हयात असेल तर अर्जावर त्यांची स्वतःची सही घ्या. ती हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि आपण जवळचे वारस असल्याचा पुरावा बहुधा मागितला जातो. प्रत्येक अर्जाची प्रत आणि पाठवल्याची तारीख वहीत नोंदवा. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून हा अर्ज पहिल्या बैठकीपूर्वीच टाकून ठेवावा.

‘नोंद उपलब्ध नाही’ असे उत्तर आले म्हणून माणूस सैन्यात नव्हता, असे ठरत नाही. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथील लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि १.६ ते १.८ कोटी सेवानोंदी जळाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेही नव्हत्या. लंडनमध्ये सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून अधिक नोंदी खाक झाल्या. त्यांतून वाचलेले करपलेले कागद आजही ‘जळके दस्तऐवज’ याच नावाने ओळखले जातात.

युद्धात मृत्यू आलेल्यांचा शोध घेत असाल, तर दोन्ही महायुद्धांपुरते एक मोठे साधन मोफत आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग सुमारे १७ लाख मृतांची नोंद सांभाळतो आणि ती नावानुसार शोधता येते. त्यात आपल्याकडची नावे शोधताना रोमन अक्षरांत शक्य तितक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहावीत, कारण ज्याने जसे ऐकले तसे लिहिले. आडनाव गाळलेले, बापाचे नाव आडनावाच्या जागी गेलेले, गावाचा उच्चार बिघडलेला, असे सर्व प्रकार भेटतात. ही यादी परिपूर्णही नाही. आयोगाच्याच समितीने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केले, की आफ्रिकी आणि आशियाई सैनिक व श्रमिकांपैकी किमान १,१६,००० मृतांचे स्मरण नावानिशी झाले नाही, किंवा मुळीच झाले नाही. घरातली एखादी वही कधीकधी सरकारी दप्तरापेक्षा मोठा पुरावा का ठरते, ते यावरून ध्यानात येईल.

४. परवानगी लेखी घ्या

घरच्याच माणसाकडून सही घ्यायची, हे विचित्र वाटते. मलाही वाटले होते. पण हे ध्वनिमुद्रण पुढे कोणी ऐकायचे, ते शाळेत वाजवायचे का, इंटरनेटवर ठेवायचे का, एखाद्या ग्रंथालयाला द्यायचे का, हे सांगणाऱ्याच्या इच्छेवर आहे आणि ती इच्छा त्यांच्या पश्चात कोणाला विचारणार? एका पानावर साध्या शब्दांत चार गोष्टी लिहा : मुद्रण कोणाकडे राहील, कोण वापरू शकेल, कोणता भाग गाळायचा आणि कोणता किती वर्षे बंद ठेवायचा. आजोबांनी वीस मिनिटांचा एक भाग त्यात नाव असलेल्या सोबत्याच्या मुलांच्या हयातीत उघडू नये, असे लिहून दिले आहे. तो भाग मी वेगळ्या पाकिटात ठेवला आहे आणि त्यात काय आहे, ते येथेही सांगणार नाही.

मुद्रण एखाद्या संस्थेला द्यायचे असेल तर तिचे नियम आधीच वाचा. अमेरिकी काँग्रेसने २००० साली सुरू केलेल्या माजी सैनिकांच्या स्मृतिसंग्रहात, उदाहरणार्थ, किमान तीस मिनिटांची आणि संपादन न केलेली मुलाखतच घेतली जाते. काटछाट करून, पार्श्वसंगीत घालून सजवलेली ध्वनिफीत बहुतेक अभिलेखागारांना नको असते.

५. बैठकीची तयारी

साधने फार लागत नाहीत. चांगला फोनही चालतो, मात्र सदऱ्याला अडकवायचा लहान मायक्रोफोन जरूर घ्या. मुद्रण वेव्ह प्रकारात, शक्य असल्यास ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटवर ठेवा. एमपीथ्री प्रत नंतर केव्हाही करता येते. फोनची घंटा आणि इंटरनेट बंद करा, जागा किती शिल्लक आहे ते पाहा, जोडीला दुसरे एखादे यंत्र चालू ठेवा.

माझी पहिली बैठक पंख्याने खाल्ली. खोलीत बसलेल्या माणसाला पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो, यंत्राला मात्र तोच आधी ऐकू येतो. दुसऱ्या बैठकीत रेकॉर्डर टेबलावर होता आणि आजोबा बोलता बोलता त्याच टेबलावर बोटे वाजवत होते. म्हणून एक मिनिट मुद्रण करून, कानाला हेडफोन लावून ऐका आणि मगच सुरुवात करा. आरंभी तारीख, ठिकाण, बोलणाऱ्याचे आणि विचारणाऱ्याचे पूर्ण नाव मोठ्याने सांगा. एक बैठक तासाभराची पुरे. वृद्ध माणूस सकाळी अधिक ताजातवाना असतो आणि सभोवती नातवंडांची गर्दी असेल तर तो त्यांना रुचेल तेवढेच बोलतो, म्हणून एकट्याने बसा.

६. प्रश्न कसे विचारावेत

सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्या. ‘युद्ध कसे होते?’ हा प्रश्न ऐकायला मोकळा वाटतो. प्रत्यक्षात तो समोरच्याला कोंडीत पकडतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाला माणूस तेवढेच मोठे आणि पोकळ उत्तर देतो : ‘फार वाईट होते.’ आजोबांनी पहिल्या बैठकीत मला हेच सांगितले आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तिसऱ्या बैठकीत मी विचारले, “अंधारात तार नेमकी कोठे तुटली आहे, हे तुम्हांला कळायचे कसे?”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी उजवा हात पुढे केला, मूठ सैल धरली आणि जणू तिच्यातून काही सरकत आहे अशा बेताने ते खुर्चीतच किंचित पुढे झुकले. मग म्हणाले, “दिवा लावायची सोय नाही. तार मुठीत धरायची आणि चालू लागायचे. मूठ रिकामी झाली की तेथे तुटली.” मग दुसरे टोक कोठे उडाले असेल ते चाचपडत शोधायचे. कधी ते चार पावलांवर सापडे, कधी पन्नास. तळव्यावरचा तो आडवा वण लहानपणी मी कैकदा पाहिला होता. तो विळ्याचा असावा, असे मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून माझा नियम असा, की हातापायांच्या कामाविषयी विचारावे, भावनेविषयी नव्हे. पाठीवर वजन किती असे? पायांत काय घालायचे? झोप कोठे मिळे? पत्र लिहायला कागद कोठून येई? पहारा बदलताना शेजारचा काय बोले? पहिल्या दिवशी कशाचा वास आला? असे प्रश्न विचारले की भावना आपोआप येते आणि ती खरी असते. भरतीपूर्वीच्या आयुष्यापासून सुरुवात करा आणि परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत जा. परतण्याविषयी फार कमी लोक विचारतात. आजोबा सर्वांत जास्त बोलले ते त्याच विषयावर. घरी आल्यावर कित्येक महिने त्यांना गादीवर झोप येत नसे.

एक प्रश्न कधीही विचारू नये : तुम्ही किती माणसे मारली? त्यांना सांगायचे असेल तर ते सांगतील.

आणि शांतता भरून काढू नका. उत्तर संपले असे वाटल्यावर मनात दहा अंक मोजा. माझ्या मुद्रणांत जे काही मोलाचे आहे, ते बहुतांशी आठव्या अंकाच्या आसपास सुरू होते. ‘हो, हो’, ‘अरे बापरे’ असे आवाजही काढू नका, मान डोलवा. नाहीतर नंतर ऐकताना स्वतःचाच राग येतो.

७. केव्हा थांबावे

श्वास जोरात चालू लागणे, हात थरथरणे, वाक्य अर्ध्यावर तुटून नजर एका जागी खिळणे, एकच प्रसंग पुन्हा पुन्हा वर्तमानकाळात सांगणे, ही लक्षणे दिसताच यंत्र बंद करा. बंद केल्याचे त्यांना दाखवा, पाणी द्या, सध्याच्या एखाद्या गोष्टीवर बोला आणि लगेच निघून जाऊ नका. युद्धाच्या आघाताने जडणाऱ्या या विकाराला वैद्यकशास्त्राने ‘पीटीएसडी’ हे सध्याचे नाव १९८० मध्ये दिले, त्यापूर्वीच्या पिढ्यांनी तो ‘शेल शॉक’सारख्या वेगळ्या नावांनी किंवा बिनानावाचाच सोसला. आपण उपचार करायला गेलेलो नाही, हे विसरू नये. रात्रीची झोप उडाल्याचे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे आले, तर मुलाखत बाजूला ठेवून डॉक्टरांची मदत मिळवून देणे हे पहिले काम.

गप्प राहण्यामागे दरवेळी दुःखच असते असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या हजारो स्त्री-पुरुषांनी १९७० च्या दशकापर्यंत घरच्यांनाही काही सांगितले नाही, कारण त्यांनी गुप्ततेची शपथ घेतली होती. कोणी ‘ते सांगता येणार नाही’ म्हणाले, तर त्या वाक्याचा मान राखा.

८. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर

ते जुळणार नाहीत, हे धरूनच चाला. आजोबांच्या सांगण्यात ज्या रात्री पाऊस होता, ती रात्र पलटणीच्या दैनिकीत कोरडी निघाली. मी उत्साहाने त्यांना ते दाखवले आणि त्या दिवशीची बैठक तेथेच संपली. समोर बसून चूक दाखवणे म्हणजे साक्षीदाराला आरोपी करणे, हे मला उशिरा उमगले.

इटलीतील तेर्नी या पोलादाच्या शहरात १९४९ मध्ये नाटो कराराविरुद्धच्या मोर्चात पोलिसांच्या गोळीने लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार मारला गेला. पुढे त्या शहरातील लोकांनी मुलाखतींत ही घटना सांगताना ती अनेकदा १९५३ मधील, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात नेऊन ठेवली. त्यांना खोटे बोलायचे नव्हते. तो मृत्यू कोठे शोभेल, हे त्यांच्या मनाने ठरवले होते. युद्धाच्या आठवणींतही असेच घडते. म्हणून दोन रकाने करा. एका रकान्यात त्यांनी सांगितले तसे, शब्दही न बदलता लिहा. दुसऱ्यात कागद काय म्हणतो, ते तारखेसह नोंदवा. एकाने दुसऱ्याला खोडू नका. मात्र पदके, हुद्दा, लढाईचे नाव अशा गोष्टी जाहीर सांगण्यापूर्वी कागदावरून पडताळून घ्या, कारण न मिळालेले शौर्यपदक कौतुकापोटी चिकटवले गेले, तर खऱ्या सेवेवरही लोक शंका घेतात.

९. लिहून काढणे आणि जपणे

तासाभराचे मुद्रण ऐकून जसेच्या तसे उतरवायला सहा-सात तास लागतात. भाषा ‘शुद्ध’ करू नका. लष्करातले शब्द, बोलीतले उच्चार, अडखळणे हे सर्व राहू द्या आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवा.

मूळ फाइल कधीही कापू नका. तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी. पेनड्राइव्ह ही जपणुकीची जागा नव्हे. छायाचित्रे ६०० डीपीआयवर, टिफ प्रकारात, मागच्या बाजूसह स्कॅन करा. फाइलच्या नावात तारीख, व्यक्ती आणि बैठकीचा क्रमांक असू द्या. वर्षातून एकदा सर्व फाइली उघडून पाहा. हयात व्यक्तीचा सेवाक्रमांक, जन्मतारीख आणि निवृत्तिवेतनाचे कागद इंटरनेटवर टाकू नका. तेवढ्या माहितीवर फसवणूक करणारे टपलेले असतात.

१०. पुढच्या पिढीच्या हाती देताना

बेल्जियममधील ईप्र येथे मेनिन गेट या स्मारकावर कबर न सापडलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावे आहेत आणि १९२८ पासून तेथे रोज रात्री आठ वाजता बिगूल वाजतो. खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या वर्षांत. वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकभिंतीवर ५८,००० हून अधिक नावे वर्णानुक्रमाने नव्हे, तर मृत्यूच्या तारखेच्या क्रमाने कोरली आहेत, त्यामुळे एका दिवशी एकत्र पडलेले सोबती एकमेकांजवळ राहतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही २०१९ पासून नावे ग्रॅनाइटच्या शिळांवर आहेत. मुलांना अशा ठिकाणी न्यावे, पण ‘हे सर्व पाहा’ म्हणू नये. एक नाव आधी निवडावे, त्याच्याविषयी घरीच चार ओळी वाचाव्यात आणि तेथे गेल्यावर तेवढेच नाव मुलांना शोधू द्यावे.

घरी स्मरणदिन पाळायचा असेल तर भाषण ठेवू नका. पाच मिनिटांचा एकच तुकडा निवडून त्यांच्याच आवाजात ऐकवा. दर वर्षी तुकडा वेगळा घ्या आणि तो निवडण्याचे काम घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाकडे द्या. गेल्या वर्षी माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने तिसऱ्या बैठकीतला तारेचा भाग निवडला. ऐकून झाल्यावर तिने खोलीतला दिवा घालवायला सांगितला, कपडे वाळत घालायच्या दोरीचे एक टोक खिडकीला बांधले, दोरी मुठीत धरली आणि डोळे मिटून चालू लागली.